ग्रेडरसाहेबांचं ग्लिसरीन

अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं, डोळे मिटायचे, नाकातून एक लांब श्वास सोडायचा आणि म्हणायचं, "सेकंड." एवढं केलं की ग्रेडरसाहेबांच्या दृष्टीनं त्या वस्तूचा निकाल लागला. मग ती वस्तू कापूस असो, चहा असो, पुढाऱ्याचं भाषण असो, नाहीतर माझ्या लग्नातली जिलेबी. जिलेबीसुद्धा त्यांनी आधी बोटांत धरून ओढून पाहिली होती आणि माझ्या सासऱ्यांसमोर निकाल दिला होता. सासरे पुढे कितीतरी वर्षं मला विचारत, तो जिलेबी ओढणारा माणूस कोण होता म्हणून.

"मंग फर्स्ट काय असतं, ग्रेडर?" असं कुणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "फर्स्ट असतं. लय भारी असतं. पन ते आपल्यापतुर येत न्हाई."

नाव सांगत नाही. सेलूत सांगायची गरज नाही आणि सेलूबाहेर सांगून उपयोग नाही. अख्खा तालुका त्यांना ग्रेडर म्हणायचा. कापूस खरेदीच्या हंगामात एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात ते कापसाची प्रत ठरवायचे आणि मी वजनकाट्यावर बसायचो. गाड्या रांगेत लागलेल्या, शेतकरी टॉवेलनं मान पुसत उभा, आणि हे ढिगातून मूठभर कापूस उपसणार, धागा ओढणार, आभाळाकडे बघणार. तुम्ही कधी तशा रांगेत उभे राहिला असाल तर ते तोंड तुम्हाला आठवेल. देवळातला देवसुद्धा इतका वेळ लावत नाही.

वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारून आणतात. त्या लोकांचा ग्रेडरना भयंकर राग. "पानी मारलेला माल मला गेटवरच कळतो," ते म्हणायचे. "मला कुनी पानी पाजू शकत न्हाई, काटेवाले." हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला ते काटेवाले म्हणायचे. भेटले की "जय भीम, काटेवाले," आणि मी म्हणायचो, "राम राम, ग्रेडर." माझा नमस्कार त्यांच्या तोंडी, त्यांचा माझ्या. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघंही एकाच दिशेनं निघायचो. मी पंचशीलातलं दारू वर्ज्य करणारं पाचवं शील घरी ठेवून यायचो, ते मारुतीचा शनिवार घरी ठेवून यायचे, आणि स्टँडमागच्या बारमध्ये भिंतीकडेच्या टेबलावर आमची गाठ पडायची.

बसले की ते आधी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास मागायचे. मग बियरची बाटली उघडायची, तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तिचं तोंड पाण्यात बुडवायचं आणि हळूच अंगठा काढायचा. बाटलीतून फिकट पिवळ्या रेघा लहरत लहरत पाण्यात उतरायच्या. "बगा, बगा. निघालं का? हे ग्लिसरीन. कंपनीवाले मुद्दाम टाकतेत. हेच मानसाचं काळीज खातं." रेघा थांबेपर्यंत बोलायचं नाही. मग तो ग्लास वेटरनं मोरीत नेऊन ओतायचा, आणि मग आम्ही प्यायचं.

ही विद्या त्यांनी अख्ख्या सेलूला शिकवली. तहसीलचे कारकून, हायस्कूलचे मास्तर, एक गुरांचे डॉक्टर, सगळे त्यांचे शिष्य. शनिवारी त्या बारमध्ये शिरलात तर टेबलाटेबलावर बाटल्या खाली डोकं वर पाय करून उभ्या दिसायच्या. नव्या माणसाला वाटावं, इथं योगासनांचा वर्ग भरलाय.

बियर त्यांची एकच, लाल लेबलाची. दुसरी कुणी मागवली की यांचं तोंड कडू व्हायचं. मालकानं एकदा लिंबाच्या वासाची कुठलीशी बाटली आणली, तर यांनी ती नाकाला लावून परत केली. "बियरमधी बियर पायजे. लिंबू पायजे तर बाजार हाय की." यावर मास्तर मंडळी माना डोलवायची, कारण ग्रेडर बोलले म्हणजे प्रत ठरली.

त्यांना एकच मुलगी. हुशार, सरळ बोलणारी, बापासारखीच भुवया जवळ आणून बघणारी. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकत असताना एकदा सुट्टीत तिनं घरी बापाला सांगितलं, "आप्पा, ते ग्लिसरीन न्हाई. बियर पान्यापेक्षा जड असती, ती खाली उतरती आन पानी वर बाटलीत जातं. तुमी बियर फेकून पानी प्यायलाव." म्हणजे बघा. गेटवर ओला कापूस ओळखणारा हा माणूस दर शनिवारी स्वतःच्या बियरवर स्वतःच्या हातानं पाणी मारत होता. मी तिथंच बसलो होतो, पोट धरून हसलो. ग्रेडरनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, अंगठा बोटावर घासला. "कॉलेज सेकंड हाय तुमचं," म्हणाले. पुढच्या शनिवारी बाटली पुन्हा उलटी.

शिक्षण संपल्यावर मुलगी पुण्याला नोकरीला गेली. "ज्यूस कंपनीत हाय, क्वालिटीला," ग्रेडर सगळ्यांना सांगायचे. क्वालिटी हा शब्द उच्चारताना छाती जरा पुढं यायची. पोरगी बापाच्या वळणावर गेली असं सगळ्यांनी म्हटलं. वालूर या त्यांच्या गावच्या रानातली ज्वारी ती दर खेपेला पोत्यानं न्यायची. ज्यूसला ज्वारी कशाला लागते, हा प्रश्न सेलूत कुणालाही पडला नाही.

एका शनिवारी बारमालकानं मोबाइल आमच्या टेबलावर धरला. "ग्रेडर, ही तुमची पोरगी न्हाई का हो?" पडद्यावर तीच होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस टोपीत कोंबलेले, स्टीलच्या उंच टाकीवर चढून आत वाकून बघत होती आणि हसत हसत सांगत होती की ज्वारीला मोड आणून, वाळवून, भरडून आम्ही तिची बियर करतो. शेजारच्या टेबलावरचे मास्तर, ज्यांची दुसरी बाटली त्या वेळी पाण्यात उलटी होती, हळहळले. "अरारारा! पोरीच्या जातीनं दारू गाळायची?"

ग्रेडरनी मोबाइल नीट पाहिला. "ज्यूसच हाय ते," म्हणाले. "फेस येतो काई काई ज्यूसला." सगळ्यांनी लगेच "व्हय व्हय" केलं. सेलूत कुणाची अब्रू झाकायची असली की सगळे मिळून झाकतात, आणि घरी गेल्यावर सगळे मिळून उघडतात.

बाहेर पडल्यावर मी त्यांना धरलं. "ग्रेडर, तुमाला ठावं होतं?"

"मंग? बाप हाय मी."

"तुमी सोता दर शनवारी पिताव, आन पोरगी करती म्हनायला लाज वाटायली?"

"पिनं येगळं आन करनं येगळं, काटेवाले. उद्या तिला पाव्हने बगायला येतील. काय सांगू त्यायला?"

त्यांच्या घरात मात्र असला घोळ नव्हता. वहिनींनी मला एकदा चुलीपाशी बसून सरळ सांगितलं, "मी ज्वारीच्या पिठाची आंबील आंबवते तवा कोन लाजत न्हाई. पोरगी तेच करती, फक्त मोठ्या भांड्यात. ह्या मानसाला कोन सांगावं?"

मग मुलीचा फोन आला. तिनं वालूरच्या ज्वारीची केलेली बियर पहिल्यांदाच, ती कामाला होती तिथल्या बोर्डावर विक्रीला लागली होती. "आप्पा, एकदा येऊन बगा. बाकी कुनी काई म्हनू द्या, मला तुमचा ग्रेड पायजे." ग्रेडर आठवडाभर नाही म्हणाले, मग एकदम मला म्हणाले, "चला, सोबतीला." वहिनींनी धपाटे बांधून दिले, आणि आम्ही दोघं रेल्वेनं पुण्याला गेलो. गाडीत त्यांनी धपाट्यांना सेकंड दिला आणि सगळे धपाटे खाल्ले.

ती जागा तुम्ही पाहायला हवी होती. भल्या मोठ्या शेडमध्ये टेबलं मांडलेली, भिंतींना गिलावा नाही, विटा उघड्या. ग्रेडरना वाटलं बांधकाम चालू आहे, ते पायाखाली बघत बघत चालले. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या आणि समोर मोठा काळा फळा. फळ्यावर दोन रकाने: डावीकडे पारंपरिक, उजवीकडे प्रयोग. पारंपरिकमध्ये दोनच नावं. प्रयोगाचा रकाना मात्र सरकारी योजनांसारखा खालपर्यंत गेलेला. आंबा-मिरची, कॉफी, गुलाब, सीताफळ, आमसूल. प्रत्येकाखाली खडूनं दोन ओळींचं वर्णन.

तिथला मालक, डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला, मोठा अदबशीर माणूस. त्यानं एका लाकडी फळीवर खोबणीत बसवलेले बारके बारके ग्लास आणले, पोलिओच्या डोसाएवढे. ग्रेडर एकेक उचलत गेले. कॉफीच्या बियरला म्हणाले, "करपली." आंबा-मिरचीला म्हणाले, "लोनच्याचा खार हाय ह्यो. भाकरी आना." गुलाबाचा ग्लास नाकापाशी नेला आणि तसाच माझ्याकडे सरकवला. "हे तुमी घ्या, काटेवाले. मला उदबत्ती प्यायची सवय न्हाई."

"काका, लोकांना दर महिन्याला काहीतरी नवीन लागतं," मालक म्हणाला.

"कामून? बायकू पन दर म्हैन्याला नवी लागती का?"

मालक हसला आणि खुर्ची जरा मागं सरकवून बसला. खरं सांगतो, त्या एका फळीची किंमत ऐकून मलाही घाम फुटला होता. तेवढ्यात आमचा सेलूतला अख्खा शनिवार झाला असता, चिवड्यासकट. आणि आजूबाजूची दाढीवाली पोरं एकेक घोट तोंडात घोळवून "संत्र्याची साल लागते का रे?" असं एकमेकांना विचारत होती. संत्रं खाल्लेलं परवडलं असतं.

मग मुलगी टाक्यांकडून बाहेर आली, तेच रबरी बूट घालून. बापाच्या पाया पडली, माझ्याही पडली. तिनं एक मोठा ग्लास बापापुढं ठेवला. "हिच्यात काईच टाकलेलं न्हाई, आप्पा. जव, पानी आन थोडी कडू फुलं. जुन्या पद्धतीची."

ग्रेडर प्यायले. अर्धा ग्लास संपला तरी अंगठा बोटावर गेला नाही.

"हीच करायला सगळ्यात अवघड हाय," ती म्हणाली. "आंबा टाकला की चूक झाकती. हिच्यात चुकीला लपायला जागाच न्हाई."

"गठ्ठ्याच्या मधात ओला कापूस दाबतेत, तसं," ग्रेडर म्हणाले.

"व्हय. तसंच."

दोघांनी एकदम मान हलवली. त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मी तिला विचारलं, मग आमची लाल लेबलाची अशी का लागत नाही गं? ती म्हणाली, "काका, बारमागं क्रेट उनात पडलेले असतेत ना? ऊन लागलं की बियर नासती. तुमाला जी कडक चव वाटती, ती उनाची हाय." घ्या! सेलूत फुकटचं ऊन कमी पडत होतं म्हणून आम्ही ते विकत घेऊन पीत होतो, वर ग्लिसरीन काढून.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग ग्रेडरची नजर फळ्याच्या तळाशी गेली. प्रयोगाच्या रकान्यात शेवटचं नाव होतं: वालूर.

"हे काय लिवलंय?"

"माझी बियर, आप्पा. आपल्या ज्वारीची. गावाचं नाव दिलं."

ग्रेडर उभे राहिले. "दारूला गावाचं नाव? लोकं काय म्हनतील? वालूरला तोंड कसं दाखवू मी? पुसा ते." मग दुसऱ्याच दमात म्हणाले, "आन ज्वारी प्रयोगात कामून टाकली? प्रयोग ह्या लोकायचा. आमच्या आज्या-पंज्यायनं ज्वारीच खाल्ली." म्हणजे नाव पुसायचंही होतं आणि ते चुकीच्या रकान्यात आहे म्हणून रागही होता. दोन्ही एकाच वेळी कसं करणार, हे मालकाला कळेना. तो ओला फडका हातात घेऊन मुलीकडे बघत राहिला. दाढीवाली पोरंही आता संत्र्याची साल विसरून इकडेच बघत होती.

मुलीनं फडका घेतला आणि टेबलावर ठेवला. आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तीन वस्तू होत्या: वालूरचा भरलेला ग्लास, एक रिकामी काचेची बाटली आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. तिनं आपली बियर हळूहळू त्या बाटलीत ओतली. फेस सगळ्या टेबलभर सांडला. स्वतःच्या हातानं केलेल्या बियरचा असा सत्यानाश कुठल्या कारागिरानं केला नसेल. बाटली बापापुढं धरून ती म्हणाली, "घ्या आप्पा, आदी ग्लिसरीन काढा. मंग ग्रेड सांगा. आन मंग पुसायचं का न्हाई ते तुमीच बगा."

पुण्याच्या त्या चकचकीत जागेत, सगळ्यांसमोर, ग्रेडर खाली बसले. बाटलीवर अंगठा दाबला, ती उलटी करून पाण्यात धरली आणि अंगठा काढला.

ज्वारीची बियर गढूळ असते, पातळ आंबिलीसारखी. लाल लेबलाच्या पारदर्शक रेघांत जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते आता लख्ख दिसलं. बाटलीतून पांढुरकी बियर खाली उतरत होती आणि पाणी वर चढत होतं. खालचा ग्लास गढूळ झाला, वरची बाटली निवळत गेली. ग्रेडर बघत राहिले. मुलगी बापाकडे बघत होती.

मग त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि आजवर जो ग्लास मोरीत ओतायला लावला, तो खालचा ग्लास उचलला. सगळा प्यायले. डोळे मिटले. अंगठा बोटावर घासला.

"आंबूस हाय," म्हणाले. "सेकंड."

मुलीनं मान हलवली, ग्लास गोळा केले आणि आत गेली. जाताना तिचे डोळे मी पाहिले. त्या क्षणी मला ग्रेडरच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लेकरू एका शब्दासाठी बापाला सेलूहून पुण्याला बोलावतं, सगळ्या लोकांसमोर स्वतःच्या मेहनतीचा फेस करून पुढं ठेवतं, आणि हा माणूस तिथंही कापसाच्या गेटवरच बसलेला!

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोललो नाही. जालन्याच्या पुढे मात्र राहवलं नाही. "कामून न्हाई म्हनलाव फर्स्ट?"

"एकदा फर्स्ट म्हनलं की माल बिघडतो, काटेवाले. पुढच्या खेपंला शेतकरी पानी मारून आनतो. मी लय बगितलंय."

"ती काय कापूस हाय का?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "नाव ऱ्हाऊ दे म्हनाव तिला," मग म्हणाले. "पुन्यात कोन वाचतंय वालूर."

त्यानंतर शनिवारी त्यांच्यात एक फरक दिसू लागला. बाटली ते पूर्वीसारखीच उलटी करायचे, पण खालचा ग्लास मोरीत जायचा बंद झाला. तो ते स्वतः प्यायचे, आधी तो आणि मग बाटली. मास्तर दचकले. "ग्रेडर, ग्लिसरीन पिताव?" ग्रेडर म्हणायचे, "आता वय झालं. काळीज तसं बी जायचंच हाय." बाकी सगळ्या टेबलांवर विष मोरीत जात राहिलं. गुरू बदलला म्हणून शिष्य बदलतात असं थोडंच आहे.

मग त्या स्थळाची गोष्ट झाली. मुलगा गंगाखेडकडचा, राणीसावरगावचा, चांगला नोकरीला. मध्यस्थानं मुलाच्या मामाला सेलूत आणलं, आणि मोठ्या माणसांचं बोलणं मोकळेपणानं व्हावं म्हणून आमच्याच टेबलावर बसवलं. मामा रंगेल होता. पहिली बाटली त्यानं उलटीसुलटी काही न करता सरळ संपवली, दुसरी मागवली आणि मग विचारलं, "पोरगी काय करती म्हनलाव?"

मध्यस्थ घाईनं म्हणाला, "ज्यूस कंपनीत. क्वालिटीला."

"असं का! कोनता ज्यूस?"

ग्रेडरची बाटली पाण्यात उलटी होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली. मला वाटलं, आता नेहमीचं येणार. ते म्हणाले, "ज्यूस न्हाई. माझी लेक बियर करती. आमच्या रानातल्या ज्वारीची."

मामा हसला. मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. "थट्टा करायलाव?"

"थट्टा कशाची? वालूर नाव हाय त्या बियरचं. आमच्या गावाचं."

मामानं हातातल्या ग्लासकडे पाहिलं, मग ग्रेडरकडे पाहिलं. "वाईट मानू नका, पाव्हनं. पिनं येगळं आन करनं येगळं. खानदानाचा सवाल हाय."

हे वाक्य मी ओळखलं. ग्रेडरनीही ओळखलं. रस्त्यात उभं राहून ते स्वतः मला म्हणाले होते तेच, शब्दाला शब्द, आता दुसऱ्याच्या तोंडून परत आलेलं. त्यांचा चेहरा उतरला. अंगठा बोटावर गेला आणि तिथंच थांबला.

"खानदानाचं मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "पन बियर फर्स्ट करती माझी पोरगी. एक नंबर. अशी मी जिंदगीत प्यालो न्हाई."

मास्तरांच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. त्या तोंडातून तो शब्द त्या बारमध्ये कुणीच कधी ऐकला नव्हता. मामा उठला. आधी मात्र त्यानं आपला ग्लास संपवला, तळाला राहिलेला फेससुद्धा. मग खानदान सांभाळत निघून गेला.

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मी मोबाइल काढला, आत्ताच्या आत्ता तिला फोन करतो म्हणालो. ग्रेडरनी माझा हात धरला. "न्हाई. तिला सांगायचं न्हाई. घरी बी न्हाई. पत्रिका जुळली न्हाई म्हना."

"अहो, पन कामून?"

"सांगन मी. ज्वारी निघाली की येनार हाय ती. तवा मीच सांगन, तोंडानं."

मी शब्द दिला. त्याचा मला आजही राग येतो, स्वतःचाही आणि त्यांचाही. ज्वारी निघायच्या आधीच, एका दुपारी जिनिंगच्या आवारात, कापसाची मूठ हातात असताना ते खाली बसले ते उठले नाहीत. त्या शेतकऱ्याच्या मालाची प्रत राहूनच गेली.

वालूरला, त्यांच्या रानात, सगळे जमले होते. मुलगी पुण्याहून आली तेव्हा चिता रचून झाली होती. नंतर बायका तिच्याभोवती बसल्या. कुणीतरी लांबच्या आत्यानं विचारलं, "बाई, कुठं असतीस तू आता?" मुलगी एक क्षण थांबली. बापाच्या अंगणात, बापाची अब्रू सांभाळून, ती म्हणाली, "ज्यूस कंपनीत. क्वालिटीला." आत्या म्हणाली, "बरं केलंस." ज्या खोट्याला बापानं स्वतःच सगळ्यांसमोर मूठमाती दिली होती, ते पोरगी बापासाठी उचलून धरत होती. मी दारात उभा होतो. घशापर्यंत आलं होतं, पण तिथं ते बोलायचं कसं?

वर्षश्राद्ध झालं आणि मी एकटाच पुण्याला गेलो. ज्याला शब्द दिला होता तो माणूस गेला, तर शब्द कुणापाशी ठेवायचा? मी तो मोडायलाच गेलो होतो.

शेड तीच, उघड्या विटांची. फळा तोच. प्रयोगाचा रकाना आणखी लांबला होता, आता त्यात बीटसुद्धा होतं. पण वालूर तिथं नव्हतं. मी रकाना वरून खाली पुन्हा वाचला. मग डावीकडे पाहिलं. पारंपरिकच्या रकान्यात, जुन्या दोन नावांखाली, तिसरं नाव वालूर. बाकीच्यांना दोन दोन ओळींची वर्णनं होती, फुलांचे वास आणि फळांच्या साली. वालूरखाली एकच शब्द होता: सेकंड.

"लोकं विचारतेत, सेकंड म्हंजी काय," ती माझ्या शेजारी येऊन म्हणाली. "मी म्हनते, प्या आन बगा. लय खपती, काका."

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तो शनिवार, तो मामा, पाण्यात उलटी धरलेली बाटली, आणि तो शब्द. जसा म्हणाले तसाच सांगितला, अंगठ्यासकट.

ती पुढं सरकून बसली. "कुनापुढं म्हनले?"

"सगळ्या बारपुढं. मास्तर होते, मालक होता. आन त्यो मामा."

"मामा काय म्हनला?"

"खानदानाचं बोलला, आन ग्लास चाटून पुसून गेला."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली, ओठ दाबून, रबरी बुटांकडे बघत. मीही रडलो, त्यात लाजायचं काय. मग मी उठून फळ्याखालचा खडू आणला. "घे, बदल ते. फर्स्ट लिव."

तिनं खडू घेतला. फळ्यासमोर उभी राहिली, बापासारख्याच भुवया जवळ आणून. मग खडू परत खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, काका. फळा लोकायसाठी हाय," ती म्हणाली. "फर्स्ट आलं की माझ्यापतुर. तेवढं बास झालं."

ती आत गेली आणि वालूर भरलेली एक बाटली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी अंगठा दाबून बाटली उलटी केली. गढूळ रेघा हळूहळू खाली उतरायला लागल्या. त्या थांबेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मग तिनं खालचा ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला.